एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या पात्रतेबाबत शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे. आमची शाळा सातवीपर्यंतच. एनएमएमएस, म्हणजे गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. तिची परीक्षा आठवीत होते, पण तयारी मी सातवीच्या परीक्षा संपताच उन्हाळ्यात सुरू करून देतो, कारण जूनमध्ये मुले दाखला काढून दुसरीकडे जातात. त्यानंतर ती कुठे जातात, यावरच त्यांची शिष्यवृत्ती ठरते. हे पत्र त्याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एकाच बाकावर दोन मुली बसायच्या. दोघींनाही सातवीत 80 टक्क्यांच्या वर गुण होते. एक तालुक्याला मामाकडे राहून अनुदानित शाळेत गेली. दुसरीचे आईवडील दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जातात. आजी म्हणाली, पोरगी एसटीने जाणार नाही. म्हणून तिचे नाव जवळच्या, पायी जाता येईल अशा शाळेत घातले. ती शाळा विनाअनुदानित. पहिल्या मुलीचा फॉर्म भरला गेला, ती निवड यादीत आली. दुसरीचा फॉर्म भरताच आला नाही. परीक्षेच्या तयारीतल्या संख्यामालिका तिला मैत्रिणीपेक्षा चटकन सुटायच्या, हे मला आजही आठवते आणि त्रास होतो.

नियम आपणास ठाऊक आहेत. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, सातवीला 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी 50. इथपर्यंत तक्रार नाही. पण मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत असले पाहिजे. विनाअनुदानित म्हटले की श्रीमंताची इंग्रजी शाळा, असा हिशेब शहरात बसून करता येतो. आमच्याकडे अशा कितीतरी शाळा मराठी माध्यमाच्या, पत्र्याच्या खोल्यांत भरणाऱ्या आहेत. तिथे शिकणाऱ्या मुलाच्या बापाकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असतो, त्यावरचा आकडा खरा असतो, आणि तरीही मूल अपात्र ठरते. गरिबी सिद्ध करणारा कागद हातात असताना शाळेचा प्रकार कशासाठी बघायचा?

वसतिगृहाची अट तर याहून जिव्हारी लागते. शासकीय वसतिगृहात राहण्या-जेवण्याची सवलत घेणारे मूल या शिष्यवृत्तीस पात्र नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हातात कोयता येऊ नये म्हणून शासनानेच संत भगवानबाबा वसतिगृहे काढली. चांगले काम आहे, मी स्वतः पालकांना समजावून मुले तिथे पाठवली आहेत. पण वसतिगृहात ठेवले तर शिष्यवृत्ती नाही, आणि घरी ठेवले तर दिवाळीनंतर मूल आईबापामागे फडात. परीक्षा बहुधा डिसेंबरात, ऐन गळीत हंगामात येते. हंगामी वसतिगृहातल्या मुलांचे काय, हे तर मुख्याध्यापकांनाही नीट सांगता येत नाही. भीतीपोटी फॉर्म भरलाच जात नाही. निदान यावर एक स्पष्ट परिपत्रक काढावे.

आता अकरावीचे. आठवीत मिळवलेली शिष्यवृत्ती बारावीपर्यंत चालते, पण दहावीला 60 टक्के लागतात आणि पुढचे महाविद्यालयही अनुदानित किंवा शासकीयच लागते. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरणाऱ्या मुलाला आपण नकळत शिष्यवृत्ती सोडतो आहोत, हे कोणी सांगत नाही. प्रवेशाच्या अर्जात एनएमएमएसधारकाला तशी सूचना दिसली पाहिजे. एवढे तर आपल्याच खात्याच्या हातात आहे. आयटीआय किंवा पदविकेला गेलेल्याचीही शिष्यवृत्ती बंद होते. लवकर कमावते व्हायचे म्हणून गरीब घरातली मुले हीच वाट धरतात, त्यांचाच हात का सोडायचा?

योजना केंद्राची आहे, हे मी जाणतो. देशात वर्षाला एक लाख, त्यातल्या महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 शिष्यवृत्त्या. रक्कम 2017 पासून वर्षाला 12,000 रुपयांवरच आहे. निकष बदलण्यासाठी आपण केंद्राकडे आग्रह धरावा, पण तोवर राज्याने हात बांधून बसू नये. एनएमएमएस उत्तीर्ण होऊनही कोट्यात न बसलेल्या मराठा-कुणबी मुलांना सारथी या राज्य शासनाच्या संस्थेकडून वर्षाला 9,600 रुपये मिळतात. राज्याने मनात आणले की वाट निघते, हे त्यावरून दिसतेच. तशीच सोय विनाअनुदानित शाळांतल्या आणि वसतिगृहांतल्या मुलांसाठी, जात न पाहता, उत्पन्नाच्या दाखल्यावर करावी. त्यांना परीक्षेला बसू द्यावे, केंद्राचा कोटा त्यांना लागू होत नसेल तर त्यांची यादी वेगळी लावावी आणि त्या यादीचे पैसे राज्याने द्यावेत.

एकेकाळी दहावीला राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा होती. त्यात शाळा अनुदानित आहे का, असे कोणी विचारत नसे. 2021 नंतर तीही थांबली. त्यामुळे आठवीत ज्याचा फॉर्म भरला गेला नाही, त्याला पुढे तो दरवाजाही उरलेला नाही.

येत्या उन्हाळ्यात मी पुन्हा सातवीची मुले घेऊन बसणार आहे. यंदा वर्गात सतरा जण आहेत. त्यातल्या कोणाला कुठल्या शाळेत नाव घाल म्हणून सांगू, हे आपल्या उत्तरावर अवलंबून आहे. जूनच्या आत उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला,
सातवीचा एक वर्गशिक्षक, बीड जिल्हा