जवान माझ्याकडेच आहे

कोव्हेंट्री, इंग्लंड
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार,

माझी तब्येत चांगली आहे. थंडी सुरू झाली आहे, पण खोलीत हीटर आहे, आईने विणलेला स्वेटर आहे आणि जेवण वेळेवर होतं. तेव्हा त्याची काळजी नको. आज पत्र लिहितोय ते आजोबांच्या घड्याळासाठी, एचएमटीच्या जवानसाठी. फोनवर हे सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा तोंडातून शब्द निघाला नाही.

मागे व्हिडिओ कॉलवर बाबांनी माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, "हे जवान नव्हे. जवान कुठंय?" मी कपाटात आहे म्हणालो आणि मनूच्या लग्नाचा विषय काढला. जवान कपाटातच आहे, विकलं नाही की हरवलं नाही. पण मार्चपासून ते बंद आहे. कामावरून येताना पावसात भिजलो आणि रात्री बघतो तर काचेच्या आत वाफ धरलेली. वाळेल म्हणून दोन दिवस तसंच ठेवलं, तिथेच चुकलो. त्याच दिवशी उघडून घ्यायला हवं होतं. आत हेअरस्प्रिंगला, म्हणजे केसासारखी बारीक स्प्रिंग असते तिला, गंज चढला. आजोबांनी रोज सकाळी चावी दिलेलं आणि मी निघताना तुम्ही विमानतळावर स्वतःच्या हातातून काढून माझ्या हातात बांधलेलं घड्याळ माझ्याकडे तीन वर्षंही धड राहिलं नाही. आठ महिने हे मी मनात ठेवलं. बाबा, रागावलात तरी चालेल, पण वाईट वाटून घेऊ नका. ते चालू होणार आहे.

इथल्या एका म्हाताऱ्या कारागिराला दाखवलं. कोव्हेंट्री एकोणिसाव्या शतकात घड्याळांचं गाव होतं. पुढे अमेरिकन आणि स्विस यंत्रावरची स्वस्त घड्याळं आली, धंदा बसला आणि कारागीर सायकलींकडे वळले. त्या कारागिराने भिंगातून बघून सांगितलं की बाकीचं यंत्र शाबूत आहे, पण स्प्रिंग आणि चाक दुसऱ्या एचएमटीतून काढून बसवावं लागेल. सरकारने एचएमटीची घड्याळं बंद करायचं २०१६ मध्येच ठरवलं, त्यामुळे नवे भाग कुठून मिळणार? म्हणून आत्याच्या घरी आजोबांच्या पेटीत जे दुसरं मोडकं जवान आहे, ते कुणाला देऊ नका. मी आलो की घेऊन जाईन.

आता नवीन घड्याळाबद्दल. "एवढे पैसे घड्याळात?" असं आई म्हणाली, ते मला लागलं नाही, पण उत्तर द्यायला हवं. आमच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर फोन चालत नाही, पाळी सुरू होताना तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मनगटावर घड्याळ हवंच. दहा-पंधरा पौंडांचं डिजिटल घेता आलं असतं, हे खरं आहे. पण इतकी वर्षं जवान बघायची सवय. काळी-पांढरी तबकडी, ठळक आकडे, एका नजरेत वेळ, बाकी काही नाही. सैनिकासाठी बनवलेल्या घड्याळाचा हाच गुण असतो आणि मला दुसरं कुठलंच पटेना.

चार महिने बघत होतो. पहिल्यांदा मन गेलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या घड्याळांवर. ब्रिटिश सरकारने १२ कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळं बनवून घेतली होती. ओमेगा, लाँजिन, सायमा, व्हर्टेक्स अशी नावं त्यात आहेत. १९४५ मध्ये ती सैन्याला मिळाली. काळी तबकडी, सहाच्या जागी सेकंदाचा छोटा काटा आणि सरकारी मालमत्तेची खूण म्हणून एक बाण. फार सुंदर आहेत. पण आज त्यांची किंमत आपल्या आवाक्यातली नाही. शिवाय त्यांच्या आकड्यांवर खरं रेडियम आहे. आपण अंधारात चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतो, तसं नव्हे, खरंखुरं. त्याचा जोर निम्मा व्हायला १६०० वर्षं लागतात. चमक केव्हाच विझली, किरण मात्र तसेच आहेत. हातात घातल्याने लगेच काही होत नाही, पण झाकण उघडलं आणि ती धूळ श्वासात गेली तर वाईट. आई, हे वाचून मीच तो विचार सोडला.

मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १९८० नंतरचं म्हणून एक घेतलं. हातात आल्यावर शंका आली. या लष्करी घड्याळांना पट्टा अडकवायच्या दांड्या कायमच्या जोडलेल्या असतात, त्या निघत नाहीत. याच्या तर साध्या स्प्रिंगच्या पिना होत्या आणि तबकडीवरचा बाण किंचित तिरका. कुणीतरी साध्या घड्याळावर बाण छापला होता. विक्रेता आधी वाद घालत होता, पण दुकानदाराकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू इथे १४ दिवसांत परत करता येते. पैसे सगळे परत मिळाले, एक पेनीही गेली नाही.

शेवटी घेतलं ते सीडब्ल्यूसी कंपनीचं जी-टेन. ही कंपनी १९७२ मध्ये सुरू झाली आणि ब्रिटिश सैन्याला घड्याळं पुरवत आली. सेलवर चालतं. सेल बदलायला मागे एक गोल झाकण आहे, ते साध्या नाण्याने फिरवून उघडतं. मागे कोरलंय ६६४५-९९ आणि पुढे बरेच आकडे. ६६४५ म्हणजे वेळ मोजायची साधनं, ९९ म्हणजे ब्रिटन. आणि शेवटी ९१. माझं जन्मसाल. दुकानात हातात घेऊन उलटं केलं, ते दोन आकडे दिसले आणि मग मी दुसरं काही बघितलंच नाही. १६५ पौंड पडले, म्हणजे सुमारे एकोणीस हजार रुपये. दोन शनिवारच्या ओव्हरटाइममधून दिले, घरी पाठवायच्या पैशाला हात लावलेला नाही.

काच प्लॅस्टिकची आहे, ओरखडे होते. कापसावर थोडी टूथपेस्ट घेऊन गोल गोल घासत बसलो, अर्ध्या तासात लख्ख झाली. पट्टा राखाडी नायलॉनचा, एकच लांब पट्टी. ती वरच्या दांडीखालून जाते, घड्याळाच्या पाठीवरून सरकते आणि खालच्या दांडीतून बाहेर येते. साधं घड्याळ अशा पट्ट्यावर असेल आणि त्याची एक पिन तुटली, तरी दुसऱ्या पिनेवर ते हातातच राहतं. जवानलाही असाच पट्टा घालायचा, मी आणून ठेवलाय.

चिन्मयला घड्याळ घ्यायचंय म्हणून आईने विचारलं होतं. त्याला सांगा, रात्री अंधारात वेळ बघायची असेल तर माझ्यासारखं जुनं घेऊ नकोस. यात आकडे चमकावेत म्हणून ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे, त्याची चमक बारा-तेरा वर्षांत निम्मी होते, आता सातवा हिस्साच उरलाय. (आई, ट्रिटियमचे किरण काच ओलांडत नाहीत. मी विचारून घेतलंय.) नवं घे आणि पाण्यात चालण्यासाठी ५० मीटर लिहिलंय म्हणून विहिरीत उडी मारू नकोस. पोहायचं असेल तर १०० मीटरचं बघ. आणि मनगट आधी मोज. फोटोत सगळीच घड्याळं छान दिसतात.

आता मागच्या रविवारचं. आई तासभर फोनपाशी बसून होती असं मनू म्हणाली. मी विसरलो नव्हतो गं. इथे वर्षातून दोनदा सगळा देश घड्याळं बदलतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एक वाजता काटे एक तास पुढे नेतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता एक तास मागे. म्हणजे त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. रात्रपाळीवाले तो तास दोनदा काम करतात. उन्हाळ्यातल्या सकाळचा उजेड झोपेत वाया जातो म्हणून विल्यम विलेट नावाच्या एका बांधकाम व्यावसायिकाने १९०७ मध्ये ही कल्पना मांडली. ती लागू झाली १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून, पण तो १९१५ मध्येच वारला होता. सूर्य तोच, गाव तेच, आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं की आज सात वाजले नाहीत, सहाच वाजलेत. मला अजून विचित्र वाटतं. ओव्हनचं घड्याळ वेगळं, गाडीचं वेगळं, चर्चच्या मनोऱ्यावरचं तिसरंच, असं चार दिवस चालतं. यामुळे आपल्यातलं अंतर साडेचार तासांवरून साडेपाच झालं. मी इथल्या पाचलाच फोन केला, तुमच्याकडे साडेनऊऐवजी साडेदहा वाजले होते. आधी सांगायला हवं होतं.

त्या सकाळी मी जी-टेनची चावी बाहेर ओढली. ओढली की सेकंदाचा काटा जागच्या जागी थांबतो. काटा बारावर थांबवला आणि रेडिओ लावून बसलो. इथे तास भरताना सहा ठोके ऐकवतात, शेवटचा लांब. तो वाजला आणि चावी दाबली. आजोबा आकाशवाणीच्या बातम्यांना जवान लावायचे, तसंच.

मनूच्या लग्नाच्या हॉलचे दीड लाख १० तारखेला पोचतील, बाबांनी सोसायटीकडे उचल मागू नये. उरलेले पन्नास हजार डिसेंबरच्या पगारातून. साखरपुड्याला मी नाही, मनूला समजावून सांगा. ती हसून "चालेल रे दादा" म्हणाली, ते मला चाललं नाही. रजा एकदाच मिळते, ती लग्नासाठी ठेवली. फेब्रुवारीचे १२ दिवस मंजूर झालेत, तिकीट काढलंय.

बायोडाटा वाचला. नकार देत नाही. मी ३४ पूर्ण केली हे मलाही माहीत आहे, आई, रोज आठवण करू नकोस. त्या मुलीशी आधी मला फोनवर बोलू दे, इथली पाळी आणि भाड्याची एक खोली हे मी स्वतः तिला सांगेन. त्यानंतर तुम्ही पुढचं बोला, त्याआधी शब्द देऊ नका.

बाबा, गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्या.

तुमचा,
संजू

ता. क. आजपासून मार्चअखेरपर्यंत मी इथल्या चार वाजता फोन करीन. तुमच्याकडे साडेनऊच वाजलेले असतील. आईने त्याआधी जेवून घ्यावं.