वायफायचा पासवर्ड म्हणजे प्रसाद नव्हे

मा. संपादक,

आमच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आला की पहिल्या दिवशी चहा आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या वायफायचा पासवर्ड असं चाललंय, एका कनेक्शनवर तीन-चार घरं, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये तर पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला! बिल वाचतं हे खरं, पण कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात आधी पोलीस येणार हे कुणी लक्षातच घेत नाही. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेला होता, तपास आधी त्याच्याच घरी पोचला. राउटर बसवणारा बऱ्याचदा ग्राहकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवून जातो, तो तरी बदला की राव. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवर वेगळ्या पासवर्डचं वायफाय, ठेवता येतं. आणि दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर आयटी कायद्याच्या ६६सी कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे नोटीस बोर्डावर पार्किंगच्या नियमांशेजारी लावायला काय हरकत आहे? सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, पुढच्या मीटिंगला बघू.

– एक वाचक, ठाणे