प्लग बाहेरचा घ्या, पण नंबर बघून घ्या

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मी हडपसरला राहतो, स्वतःचा छोटा हत्ती चालवतो, २०१२ चं मॉडेल, सीएनजी. सकाळी पुण्यातनं सासवडकडे पीव्हीसी पाइप, खताच्या गोण्या, कधी फरशी, आणि येताना सीझनप्रमाणे वाटाणा, सीताफळ, अंजीर, जे मिळेल ते मार्केट यार्डाला. तुमच्या पेपरात गाड्यांबद्दल जे येतं ते मी सगळं वाचतो पण त्यात कायम नवीन गाडी, नवीन मॉडेल, आणि आमच्यासारख्या दहा-बारा वर्षं जुन्या टेम्पोवर कोणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहितोय. विषय छोटा आहे, स्पार्क प्लगचा, म्हणजे सिलेंडरमध्ये ठिणगी पाडून गॅस पेटवणाऱ्या प्लगचा. पण त्या छोट्या वस्तूपायी माझे चार दिवस गेले आणि एका गिऱ्हाइकाचा माल वेळेवर पोचला नाही, तर बाकीच्यांचं तसं होऊ नये.

आमच्या स्टँडवर बहुतेक पिकअप डिझेलच्या, त्यांना स्पार्क प्लगच नसतो, थंडीत स्टार्टिंगसाठी ग्लो प्लग असतो तो वेगळा. त्यामुळं ते लोक म्हणतात प्लगमध्ये काय एवढं. पण माझ्या गाडीला दोनच सिलेंडर, दोनच प्लग, सगळं मिळून सुमारे ७०० सीसीचं इंजिन. चार सिलेंडरच्या कारमध्ये एक प्लग मिस व्हायला लागला, म्हणजे मधेमधे ठिणगीच पडेना, तर गाडी थरथरत का होईना घरी जाते. इथं एक प्लग गेला की अर्धं इंजिन गेलं, आणि मागं पाच-सहाशे किलो माल असेल तर सासवडच्या वाटेवरच्या दिवे घाटात काय होतं ते मी बघितलंय.

झालं असं की पहिले काही वर्षं मी गाडीच्या कंपनीच्या डब्यातलेच प्लग टाकायचो, मग मागच्या पावसाळ्यात हात जरा टाइट होता, म्हणलं यावेळी बाहेरचे, म्हणजे उघड्या बाजारातले, टाकून बघू. एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही, त्याला फक्त गाडीचं नाव सांगितलं आणि त्यानं जुना प्लग न बघता, नंबर न बघता खोक्यातनं दोन प्लग काढून दिले, "सगळे घेऊन जातात, चालतंय." बिल नाही. किंमत कंपनीच्या निम्म्यापेक्षा कमी. मी पण घेतले, घरी येऊन बसवले, गाडी पहिल्या सेल्फला चालू, दोन दिवस मस्त चालली. तिसऱ्या दिवशी घाटात, जिथनं खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो तिथं, दुसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबला की फट् फट् फट्, ओढच नाही. पाय सोडला की नीट, दाबला की परत मिसिंग. मागं एसटी, मागं सगळी लाइन लागली, कडेला घ्यायला जागा नाही. फर्स्ट टाकून कसाबसा वर चढलो.

आता हे असं का, सपाटीला नीट आणि घाटातच का, हे मला आमच्या मेकॅनिक चाचांनी समजावलं आणि मला वाटतं प्रत्येक टेम्पोवाल्याला हे माहीत पाहिजे. पाय दाबला की सिलेंडरमध्ये हवा-गॅस जास्त भरतो, दाब वाढतो, आणि जेवढा दाब जास्त तेवढं प्लगच्या टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीतनं, म्हणजे गॅपमधनं, ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. त्यात सीएनजीला पेट्रोलपेक्षा मुळातच जास्त लागतं. प्लगला व्होल्टेज पुरवणारी कॉइल देते तेवढं व्होल्टेज, पण प्लगची चिनीमाती हलक्या दर्जाची असली, तिला बारीक तडा असला, तर करंट गॅपमधनं उडी मारण्याऐवजी सोपा रस्ता धरतो, चिनीमातीच्या अंगानं खाली बॉडीत उतरतो. सिलेंडरात ठिणगीच नाही. रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्याला हे कळतच नाही. आणि न जळलेला गॅस तसाच सायलेन्सरकडे जातो, तिथं धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, तो खर्च प्लगच्या कितीतरी पट.

चाचांनी प्लग काढून माझ्या हातात दिला. पांढऱ्या चिनीमातीवर वरपासनं खालपर्यंत केसासारखी काळी रेघ, पुसली तरी जात नाही. कंपनीचं नाव छापलेलं होतं ते अंगठ्यानं दोनदा घासलं तर पुसट झालं. वॉशर बोटानं सरळ निघून आला. चांगल्या प्लगचा वॉशर आट्यांवर असा धरलेला असतो की सहज निघत नाही. आटे बघितले तर कडा खरखरीत, नखाला लागत होत्या. वरचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर डोक्यावर नव्हता, एका बाजूला सरकलेला. म्हणजे तो डुप्लिकेट होता, आणि नाव छापलेलं होतं एका मोठ्या कंपनीचं, जिचा यात काही दोष नाही.

तिथंच मला कोणीतरी म्हणालं, बघ, सांगितलं होतं ना बाहेरचा माल घेऊ नको. हे मला पटत नाही आणि मुख्य म्हणजे हेच लिहायला बसलोय. बाहेरचा आणि डुप्लिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीची कंपनी स्वतः प्लग बनवत नाही, प्लग बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, बॉश, एनजीके, डेन्सो, चॅम्पियन वगैरे. जुन्या मेकॅनिकना विचारा, ते बॉशला अजून मायकोच म्हणतात, कारण २००८ पर्यंत भारतात त्या कंपनीचं नावच मायको होतं. त्यांच्याच डब्यातला प्लग उघड्या बाजारात घेतला तर तो काही हलका होत नाही. फक्त आपल्या गाडीच्या नंबरला जुळणारा पाहिजे. आणि घोळ नेमका इथंच होतो.

प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळ्या पद्धतीचा. एक उदाहरण देतो, माझ्या गाडीचा नाही, फक्त समजायला. एनजीकेचा बीपीआर६ईएस, बॉशचा डब्ल्यूआर७डीसी, चॅम्पियनचा आरएन९वायसी आणि डेन्सोचा डब्ल्यू२०ईपीआर, हे चारही एकमेकांच्या जागी चालणारे प्लग. म्हणजे एकाचा ६, एकाचा ७, एकाचा ९, एकाचा २०, आणि गरमी एकच! त्यात अजून म्हणजे एनजीके आणि डेन्सोचा आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉश आणि चॅम्पियनचा आकडा वाढला की प्लग गरम होतो, एकदम उलटं. मग काउंटरवरचा पोरगा "साताच्या जागी सात" म्हणून देतो तेव्हा काय होणार?

गरम प्लग म्हणजे ठिणगी गरम असं नाही, मला पण आधी तसंच वाटायचं. प्लगच्या टोकाची गरमी इंजिनच्या हेडमध्ये (ज्यात प्लग बसतो त्या वरच्या भागात) किती लवकर उतरते त्यावर ते ठरतं. टोक साधारण ४५० ते ८५० डिग्रीच्या मधे राहिलं पाहिजे. त्याच्या खाली राहिलं की काजळी जळत नाही, साठत जाते. फार वर गेलं की ठिणगीच्या आधीच गॅस पेट घेतो, घाटात लोडवर टक्-टक् आवाज येतो, आणि हे जास्त दिवस चाललं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. सीएनजीत पेट्रोलसारखा ओला फवारा नसतो, आतलं सगळं कोरडं आणि तापलेलं, म्हणून सीएनजी गाडीला जास्त गरम प्लग टाकणं तर अजिबात नको.

आट्यांची लांबी पण बघायची. वरनं सारखे दिसणारे दोन प्लग, एकाची आट्यांची लांबी १२.७ मिलीमीटर, एकाची १९, दोन्ही १४ मिलीमीटर जाडीचे, दोन्ही भोकात जातात. लांब असेल तर पिस्टनला लागू शकतो, आखूड असेल तर उरलेल्या आट्यांत काजळी बसते आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग आत जाता जात नाही. हेड अॅल्युमिनियमचं, जोर लावला की आटे गेले. आणि नंबरातला आर विसरू नका, तो रेझिस्टरचा, म्हणजे प्लगच्या आत बसवलेल्या विजेच्या रोधाचा, नाहीतर इंजिनच्या कॉम्प्युटरला ठिणगीचा त्रास होतो.

मग मी काय केलं, गाडीच्या पुस्तकातला नंबर लिहून घेतला, जुना कंपनीचा प्लग खिशात टाकला आणि नाना पेठेत गेलो. तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी स्वतः कॅटलॉग उघडला, जुळणारा नंबर बोट ठेवून दाखवला, पक्कं बिल दिलं. चाचांनी बसवताना फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजला, एकाचा थोडा जास्त होता तो पुस्तकाप्रमाणे केला. खोक्यातनं आला म्हणजे गॅप बरोबर असं धरून चालू नका. इंजिन थंड असताना, आधी पान्याशिवाय नुसत्या हातानं शेवटपर्यंत फिरवला, मग पान्यानं अर्धा-पाऊण फेरा, वॉशर दबेपर्यंत, बस्स. त्यावर लोंबकळायचं नाही.

तेव्हापासनं त्याच प्लगवर गाडी चालू आहे, घाट रोजचाच. मायलेज किलोला वीसच्या आसपास, जे कंपनीच्या प्लगवर होतं तेच, एका आकड्याचा फरक नाही. इरिडियम धातूच्या टोकाचा महागडा प्लग टाक, मायलेज वाढतं असं पण सांगणारे भेटले. त्याचा मधला इलेक्ट्रोड अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाड असतो, साध्याचा अडीच मिलीमीटर, म्हणून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि तो टिकतो जास्त, हे खरं आहे. पण ज्याची गाडी तंदुरुस्त आहे त्याला मायलेजसाठी तो घ्यायची गरज मला दिसत नाही, माझ्या जुन्या गाडीला साधे, बरोबर नंबरचे, वेळेवर बदललेले बरे.

संपादक साहेब, दोन विनंत्या आहेत. एक, तुमच्या गाड्यांच्या पानावर महिन्यातनं एकदा तरी अशा कामाच्या जुन्या गाड्यांचं काहीतरी छापा, कुठल्या पार्टला कुठला नंबर, खरा-खोटा कसा ओळखायचा. दुसरी विनंती दुकानदारांना, बिल द्या. दुसऱ्याच्या नावाचा खोटा माल विकणं हा ट्रेड मार्क कायदा १९९९ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे त्यात. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली नसेल तर गिऱ्हाइकानं घेऊच नये, आणि फसवणूक झाली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, पण हातात बिल पाहिजे. माझ्याकडे नव्हतं म्हणून मी काही करू शकलो नाही, ते मला अजून लागून राहिलंय.

तो काळी रेघ पडलेला प्लग मी फेकला नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात कापडात गुंडाळून ठेवलाय. सकाळी सातच्या आत मी गाडीतळाला असतो, कोणाही टेम्पोवाल्याला बघायचा असेल तर खुशाल यावं, चांगल्या प्लगशेजारी ठेवून दाखवतो.

आपला नम्र,
एक टेम्पोचालक, हडपसर, पुणे