पडद्यावरचे द्वंद्व वाचता आले पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साहसपटांतील तलवारबाजीवर आलेला लेख आवडीने वाचला. या विषयाला वर्तमानपत्रात एवढी जागा क्वचितच मिळते, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र लेखकाने द्वंद्वाची थोरवी ज्या मापाने मोजली आहे, म्हणजे वेग किती, एका वेळी माणसे किती आणि कलाकाराने पत्करलेली जोखीम किती, ते माप मला पटले नाही. ते का पटले नाही, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, प्रेक्षकाला वाचता येते तेच द्वंद्व उत्तम. कोण वरचढ आहे, कशाच्या बळावर आहे आणि पारडे फिरले तर ते नेमके कशामुळे फिरले, हे कुणी तोंडाने न सांगता कळले पाहिजे. आणि लढत संपेल तेव्हा ती दोन माणसे, त्यांतले एक मेलेले असले तरी, आपल्याला आधीपेक्षा अधिक उमगलेली असली पाहिजेत.

आधी वेगाचा मुद्दा घेतो. खऱ्या तलवारबाजीचा वेग नुसत्या नजरेला पेलत नाही. ऑलिंपिकमध्ये एपी आणि फॉइल या तलवारींच्या दोन प्रकारांपैकी एपीत १९३६ पासून आणि फॉइलमध्ये १९५६ पासून स्पर्शाची नोंद विजेच्या यंत्रणेवर सोपवली गेली, कारण टोक नेमके कधी आणि कुणाचे आधी टेकले हे सांगताना तरबेज पंचांचीही चूक होत असे. तोच वेग जसाच्या तसा पडद्यावर आणला, तर प्रेक्षकाच्या पदरी पात्यांची लुकलुक आणि खणखणाट यापलीकडे काही पडणार नाही. बेल्जियममधून हॉलिवूडमध्ये आलेले तलवारबाजीचे उस्ताद फ्रेड कॅव्हेन्स यांनी ही अडचण ओळखली होती. एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांची ‘कॅप्टन ब्लड’ (१९३५) आणि ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (१९३८) या चित्रपटांतील द्वंद्वे त्यांच्या हाताखाली बसवली गेली. त्यांत प्रत्येक हालचाल मोठी केलेली आहे. वार निघण्याआधी तो निघणार हे खांद्यावरून समजते आणि बचावाला हात कुठून कुठे गेला हेही दिसते. वेग आहे, पण द्रुत लयीतल्या तानेतही जसा प्रत्येक सूर सुटा ऐकू यावा लागतो, तसा प्रत्येक वार इथे सुटा दिसतो.

आता ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९४०) मधील एक छोटा प्रसंग जवळून पाहू. टायरोन पॉवरचा दिएगो हा त्या क्षणापर्यंत सर्वांच्या लेखी नटवा, सुखासीन आणि काहीसा भित्रा तरुण आहे. बेसिल रॅथबोनचा कॅप्टन एस्तेबान त्याला आपला हात दाखवण्यासाठी तलवारीच्या एका फटक्यात जळत्या मेणबत्तीचे वरचे टोक उडवतो. मग दिएगो दुसऱ्या मेणबत्तीवर तलवार फिरवतो, पण मेणबत्ती जागची हलत नाही आणि ज्योतही विझत नाही. नेम चुकला असे समजून कॅप्टन हसतो. तेव्हा दिएगो शांतपणे मेणबत्तीचा वरचा भाग ज्योतीसकट उचलतो, आणि ती आरपार कापली गेली होती हे उघड होते. अजून तलवारीला तलवार भिडलेलीही नाही, तरी एवढ्यात किती गोष्टी सांगून झाल्या आहेत! एस्तेबानच्या हातात जोर आहे आणि त्याला तो मिरवायचा आहे. दिएगोच्या हातात त्याहून बारीक हुकमत आहे आणि ती त्याने आजवर लपवली होती. यानंतरचे द्वंद्व लांबलचक नाही, पण त्यातला प्रत्येक वार आपण त्या मेणबत्तीची आठवण ठेवून पाहतो. लेखात या चित्रपटाचा उल्लेख केवळ ‘जलद’ एवढ्या एका शब्दात आटोपला आहे, याचे मला वाईट वाटले.

रॅथबोन यांच्याविषयी इथेच थोडे लिहायला हवे. ते स्वतः चांगले तलवारबाज होते आणि ज्या नायकांकडून त्यांना पडद्यावर मरावे लागले, त्यांच्यापेक्षा त्यांचा हात अधिक सफाईदार होता. (‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या १९३६ च्या चित्रपटात टिबॉल्ट म्हणून त्यांना निदान मर्क्युशिओला तरी लोळवता आले.) या साहसपटांना त्यांच्यामुळे जे मिळाले ते साधे, पण मोलाचे आहे: खलनायक खरोखरच भारी वाटतो. समोरचा माणूस आपल्याला मारू शकतो हे नायकाच्या चेहऱ्यावर दिसले नाही, तर दहा मिनिटांची लढतही कवायतीसारखी कोरडी होते.

कॅमेऱ्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. तलवारबाजी हातात दिसते, पण ती घडते पायांत. कोण पुढे सरकतो आहे, कोण मागे रेटला जातो आहे, कुणाचा तोल गेला, हे सगळे पाय सांगतात. म्हणून दोघेही लढवय्ये डोक्यापासून पावलांपर्यंत चौकटीत हवेत, आणि निदान दोनचार वारांची देवाणघेवाण पूर्ण होईपर्यंत दृश्य तोडू नये. अलीकडच्या अनेक चित्रपटांत चेहरा, मूठ, ठिणगी, पुन्हा चेहरा असे तुकडे इतक्या घाईने जोडलेले असतात की, कोण खोलीच्या कुठल्या बाजूला आहे हेच समजत नाही. त्यातून खळबळ जाणवते, पण भीती वाटत नाही, कारण धोका कुठून येणार हे ठाऊक असल्याशिवाय माणूस धास्तावत नाही.

‘स्कारामूश’ (१९५२) हे या बाबतीत मला सर्वांत मोठे उदाहरण वाटते. जाँ हेरेमान्स यांनी बसवलेले, स्टुअर्ट ग्रेंजर आणि मेल फेरर यांचे ते अखेरचे द्वंद्व सहा मिनिटांहून अधिक चालते आणि एका नाट्यगृहाच्या कानाकोपऱ्यांतून फिरते: प्रेक्षकांच्या उंच सज्ज्यांच्या अरुंद कठड्यावरून, जिन्यावरून, खुर्च्यांच्या रांगांमधून, थेट रंगमंचापर्यंत आणि त्यामागच्या अडगळीत. प्रत्येक जागा लढण्याची पद्धत बदलायला भाग पाडते. कठड्यावर बाजूला सरकायला वाव नाही, म्हणून तिथे सगळा खेळ पुढे आणि मागे एवढाच उरतो. जिन्यावर वरच्या पायरीवरचा माणूस वरचढ ठरतो. आणि रंगमंच ही नटाचे काम करणाऱ्या नायकाची हक्काची जागा असल्याने तिथे पोहोचताच रंग पालटतो. याच नायकाने चित्रपटाच्या सुरुवातीला आपल्या मित्राला मेल फेररच्या सरदाराच्या तलवारीने मरताना पाहिलेले असते आणि त्या वेळी त्याला स्वतःला तलवार धड चालवता येत नसते. त्यामुळे तो आता नवे काय शिकला आहे, हे आपण वाराबरोबर मोजत जातो. शेवटी शत्रू हाती लागूनही त्याचा हात उठत नाही, तेव्हा तो थांबलेला हातच त्या सहा मिनिटांतली सर्वांत मोठी घटना ठरते.

या द्वंद्वाला पार्श्वसंगीत नाही. पावलांचा, पात्यांचा आणि श्वासांचा आवाज, बस्स. तरीही संगीत नसलेलेच बरे, असा नियम मी करणार नाही, कारण ‘रॉबिन हूड’मध्ये एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड यांच्या ऑस्करविजेत्या संगीताशिवाय ते द्वंद्व उभेच राहिले नसते. तिथे लढणारे क्षणभर चौकटीबाहेर जातात आणि भल्यामोठ्या खांबावर त्यांच्या अवाढव्य सावल्या लढू लागतात. सावल्यांना चेहरा नसतो. त्या वेळी कथेचा धागा संगीतच हातात धरून ठेवते.

‘द प्रिन्सेस ब्राइड’ (१९८७) मधील कड्यावरची लढत लेखकाने ‘गमतीदार’ म्हणून बाजूला सारली आहे, ते मला अजिबात मान्य नाही. पीटर डायमंड आणि बॉब अँडरसन यांनी मँडी पटिंकिन आणि कॅरी एल्विस यांच्याकडून महिनोन्‌महिने सराव करून घेतला, आणि कोलांट्या वगळता ती लढत त्या दोघांनी स्वतः केली आहे. दोघेही आधी डाव्या हाताने लढतात, मग पारडे खाली जाऊ लागले की एकजण उजवा हात काढतो, आणि काही वेळाने दुसराही. हात बदलण्याची एवढी एकच युक्ती, पण तिने लढतीचे स्पष्ट टप्पे पाडले आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर दोघांचा एकमेकांविषयीचा आदर वाढत जातो. मारायला आलेली दोन माणसे एकमेकांच्या प्रेमात पडावीत तशी लढतात, हे तलवारीतून सांगणे सोपे नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला द्वंद्वे बसवणारे विल्यम हॉब्ज यांचे काम आहे. ‘रॉब रॉय’ (१९९५) च्या अखेरीस लियम नीसनचा नायक जड तलवार वाहून दमतो, तर टिम रॉथचा कनिंगहॅम हलक्या पात्याने त्याला सावकाश, जवळजवळ कंटाळल्यासारखा जखमी करत राहतो. नायक कौशल्यात जिंकूच शकत नाही, हे आपल्याला आधीच पटवून दिलेले असते. म्हणून तो शत्रूचे पाते उघड्या मुठीत पकडतो आणि सारे बळ एकवटून एकच वार करतो, तेव्हा तो विजय चोरलेला वाटत नाही. इथे ऐट नाही, दिमाख नाही; तरी वाचता येण्याच्या कसोटीवर हे द्वंद्व ‘झोरो’च्या शेजारी बसते.

एक विनंती करून थांबतो. चित्रपट परीक्षणांत दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि संगीतकार यांची नावे येतात, पण द्वंद्व कुणी बसवले हे जवळजवळ कधीच लिहिले जात नाही. वर उल्लेख आलेले बॉब अँडरसन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून लढलेले तलवारबाज होते. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) मध्ये खलनायक डार्थ व्हेडरच्या मुखवट्याआड लढणारे तेच होते, पण बहुतेक प्रेक्षकांना हे समजले ते त्या चित्रपटाचे नायक मार्क हॅमिल यांनी १९८३ साली एका मुलाखतीत आवर्जून सांगितले तेव्हा. आपल्या परीक्षकांनी यापुढे तलवारीच्या लढतींविषयी लिहिताना त्या रचणाऱ्याचे नाव द्यावे, आणि हेरेमान्स व हॉब्ज यांच्या कामावर पुरवणीत एखादा स्वतंत्र लेख प्रसिद्ध करावा, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक