घटातलं धान्य पिवळं का असतं

प्रिय ओमू,

दसऱ्याला घरी आला होतास तेव्हा विचारलंस की देवघरात ऊन येत नाही तरी घटातलं धान्य एवढं वाढतं कशावर, आणि ते पिवळंच का असतं. त्या गडबडीत "नंतर सांगते" म्हणाले आणि तू होस्टेलला गेलास पण, म्हणून आता लिहिते. पत्र लांबणार आहे, रविवारी निवांत वाच.

आपण रुजवण घालतो ना, गहू ज्वारी वगैरे, त्या नऊ दिवसात ते रोप स्वतःचं अन्न जवळजवळ बनवतच नसतं. हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो, तो पुरेसा नाही म्हणून पान पिवळं. तरी वीतभर वाढतं कारण दाण्यात आधीच सगळं भरून ठेवलेलं असतं. गव्हाचा दाणा नीट बघ, एका टोकाला लहानसा खोलगट भाग दिसेल, खरं रोप तेवढंच, वजनाच्या जेमतेम २-३ टक्के! बाकी बराचसा साठा, त्याला भ्रूणपोष म्हणतात, आणि आपण ज्याच्या पोळ्या करतो ते पीठ खरं तर त्या बाळरोपासाठी बांधून दिलेला डबा आहे. तुमच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलंय ते मला अजिबात पटलेलं नाही.

वालाचं वेगळं असतं. परवा बिरड्यासाठी सोलत होते, मोड आलेला वाल कोमट पाण्यातून काढून चिमटीत दाबला की साल सुटते आणि डाळिंबी हातात येते, ती हळूच उघडली की मधे कडेला मोड आणि त्याच्या वरच्या अंगाला दुमडलेली दोन इवलीशी पानं, भिंगातून बघितलं तर शिरासुद्धा दिसतात. आणि ते जे दोन जाड भाग आपण खातो ती बीजपत्रं, सगळा साठा त्यांच्यात. वाल उगवताना ती बीजपत्रं जमिनीच्या वर येतात, हरभऱ्याची मात्र खालीच राहतात. खरी पानं कामाला लागली की वालाची ती बीजपत्रं सुरकुतून गळून पडतात.

आता साठा आहे म्हणून तो तसाच खाता येत नाही ना. दाण्यातला साठा म्हणजे मुख्यतः स्टार्च, तो पाण्यात विरघळत नाही, कोंबापर्यंत जाणार कसा? तर दाणा भिजला की कोंबाकडून जिबरेलिन नावाचं संप्रेरक निघतं, ते दाण्याच्या कडेच्या थराला जाऊन सांगतं की कामाला लागा, मग तो थर अमायलेज नावाचं स्टार्च तोडणारं द्रव्य सोडतो आणि स्टार्चची साखर व्हायला लागते, ती मग कोंबाला मिळते. १८३३ साली पायां आणि पर्सोझ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून हेच द्रव्य वेगळं काढलं, डायस्टेज नाव दिलं, वेगळं काढलेलं ते पहिलं एन्झाइम (पचवण्यासारखी कामं घडवून आणणारं द्रव्य). तू लहान असताना तुला नाचणीचं सत्त्व द्यायचे ते मोड आणून, वाळवून, दळून केलेलं, त्याची पेज पातळ होते आणि पचायला हलकी, कारण थोडं पचवायचं काम दाण्यानेच केलेलं असतं. आजीला एन्झाइम माहीत नव्हतं पण हे पक्कं माहीत होतं.

साठा किती यावर बी किती खोल पेरायचं तेही ठरतं. बाबा नाचणी अगदी वरच्यावर पेरतात आणि वाल चांगला खाली, कारण नाचणी खोल गेली तर उजेडापर्यंत पोचायच्या आधीच तिच्याकडचं संपतं. आपला नारळ बघ, खोबरं आणि पाणी दोन्ही साठाच, उगवायला लागला की आत स्पंजासारखा गोळा वाढतो (तू आवडीने खातोस तोच) तो खोबरं शोषून रोपाला पुरवतो, कित्येक महिने. आणि याच्या अगदी उलट आपल्या झाडांवर येणारी सीतेची वेणी, ते ऑर्किड, त्याचं बी धुळीसारखं, साठा जवळपास नाहीच. योग्य ती बुरशी भेटली तरच ते उगवतं, सुरुवातीचं खाणं बुरशी पुरवते. म्हणून झाडावरून ती ओरबाडून नेतात ना तेव्हा मला फार त्रास होतो, नवीन रोप यायला किती गोष्टी जुळाव्या लागतात.

तू एक करून बघ. राजमा रात्रभर भिजव, एक पूर्ण ठेव, दुसऱ्याचं एक बीजपत्र अलगद काढून टाक (कोंब तुटता कामा नये), दोन्ही ओल्या कापसावर ठेव आणि रोज पट्टीने उंची मोजून वहीत लिही. तारीख टाकायला विसरू नकोस. जमलं तर गव्हाचा भिजवलेला दाणा उभा कापून त्यावर आयोडिनचा थेंब टाक, स्टार्च असेल तिथे निळसर काळं होईल. आयोडिन लॅबमधल्या सरांना विचारूनच घे, शर्टवर पडलं तर डाग जात नाही.

चिवडा पाठवलाय, डब्याचं झाकण घट्ट लाव.

तुझी,
आई