आभाराच्या एका ओळीत न मावलेलं

काका,

शोधनिबंधाच्या शेवटी 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' अशी ओळ गेली, ती तुमच्यासाठीच होती. पण नेमके कशाबद्दल, ते तिच्यात आलं नाही. म्हणून हे पत्र, चारचौघांना वाचता येईल असं.

आम्हाला लेझर रुबिडियमच्या ७८० नॅनोमीटरच्या रेषेवर लॉक करायचा होता, म्हणजे रुबिडियमचे अणू जो प्रकाश शोषतात नेमक्या त्याच फ्रिक्वेन्सीवर धरून ठेवायचा होता. ही रेषा जेमतेम ६ मेगाहर्ट्झ रुंद आणि प्रकाशाची फ्रिक्वेन्सी ३८४ टेराहर्ट्झ. म्हणजे सहा कोटींत एक भाग एवढी फट. त्यात डायोड लेझर पडला नाजूक. करंट काही मायक्रोअँपियर इकडेतिकडे झाला की फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झच्या घरात सरकते. लॉक लागायचा, पण एरर सिग्नलवर (लेझर रेषेपासून किती ढळला ते सांगणारा सिग्नल) लाट दिसायची आणि मधूनच तो सुटायचा. आमचा सगळा संशय ऑप्टिक्सवर. आरसे, रुबिडियमची कुपी, तिच्यातून समोरासमोर सोडलेले दोन किरण, सगळं पुन्हा जुळवून झालं. (भौतिकशास्त्रवाल्यांना बिघाडही आधी भौतिकशास्त्रातच दिसतो.)

तुम्ही आलात आणि आरशांकडे पाहिलंही नाहीत. ऑसिलोस्कोपचा ट्रिगर 'लाइन'वर टाकलात, म्हणजे पडद्यावरचं चित्र भिंतीतल्या विजेच्या ठेक्याला बांधलंत, आणि पळणारी लाट जागच्या जागी थांबली! दोन शिखरांत २० मिलिसेकंद. ५० हर्ट्झ, म्हणजे भिंतीतल्या विजेचीच गुणगुण. मग टेबलाखाली शिरून एकेक केबल तपासलीत. प्रकाश मोजणाऱ्या फोटोडायोडचं अर्थिंग एका सॉकेटवर, लेझरला करंट देणाऱ्या ड्रायव्हरचं दुसऱ्यावर, आणि सिग्नल नेणाऱ्या बीएनसी केबलच्या बाहेरच्या जाळीतून दोन्ही जोडलेले. त्या वेटोळ्यात करंट फिरत होता. सगळं अर्थिंग तुम्ही एका बिंदूवर आणलंत. प्लगची अर्थ पिनच काढून टाकू, असं कुणीतरी सुचवलं तेव्हा तुम्ही काय बोललात ते इथे लिहीत नाही.

१९६७ पासून सेकंद सिझियमच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांनी ठरतो. हा आकडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्यातला शेवटचा अंक धरून ठेवायला किती जण असे टेबलाखाली शिरले असतील, हे मात्र तुम्हाला पाहिल्यावर डोक्यात आलं. निबंधात माझं नाव पहिलं आहे. लॉक तासन्‌तास टिकला तो तुमच्यामुळे.

आता नव्या मुलांना आरसा फिरवायच्या आधी लाइन ट्रिगर दाखवतो. आणि हो, चुंबकीय कॉइलच्या पॉवर सप्लायवरही थोडी गुणगुण दिसतेय. चुंबकीय क्षेत्र मिलिगॉसभर (गॉस हे त्याचं एकक) हललं तरी रुबिडियमच्या अणूची ऊर्जापातळी ७०० हर्ट्झने सरकते, त्यामुळे सोडून देता येत नाही. सवड झाली की एकदा याल का?

तुमचा,
लेझर टेबलावरचा विद्यार्थी