समासातल्या एका प्रश्नाबद्दल

आदरणीय डॉक्टर,

अर्पणपत्रिकेत तुमचं नाव घालायला तुम्ही साफ नकार दिलात. "चुका मी काढल्या, कादंबरी तुमची," एवढं बोलून फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, पण नावाशिवाय. तुमच्या हाताखाली शिकलेले लोक चार ओळींत ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

आधी एक कबुली. हस्तलिखित तुमच्याकडे पाठवलं तेव्हा मला तुमचं मत नकोच होतं. शवविच्छेदनाची दोन प्रकरणं तुमच्या नजरेखालून जावीत आणि 'न्यायवैद्यकातल्या जाणकार व्यक्तीने तपासलंय' असं मला ऐटीत सांगता यावं, एवढाच डाव होता. तीन आठवड्यांनी गठ्ठा परत आला, तेव्हा पहिल्या पानापासून समास पेन्सिलीने भरले होते.

माझ्या गोष्टीतले डॉक्टर प्रेताकडे एक नजर टाकून 'मृत्यू रात्री ११ वाजून २० मिनिटांनी' असं सांगून मोकळे होत होते. शेजारी तुम्ही लिहिलंत, "घड्याळ बघून मेला होता का?" मग खाली बारीक अक्षरात समजावलंत. शरीर ताठरायला साधारण दोन ते चार तासांत लागतं, ते आधी जबड्यात आणि मानेत जाणवतं. सगळं शरीर ताठ व्हायला बाराएक तास जातात, आणि पुढे ते पुन्हा सैल पडतं. उकाड्यात हे सगळं लवकर होतं, थंडीत रेंगाळतं. म्हणून शहाणा डॉक्टर 'अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान' असंच म्हणतो, मिनिटावर बोट ठेवत नाही. क्लोरोफॉर्मच्या रुमालाचीही तुम्ही अशीच वाट लावलीत. नाकाशी रुमाल धरला की माणूस क्षणात कोसळतो हे फक्त आमच्यासारख्यांच्या लिखाणात होतं. खरं तर त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात माणूस चांगली झटापट करतो. गळ्यातलं हायॉइड हाड शाबूत आहे, म्हणजे गळा दाबलेला नाही, असा माझ्या नायिकेचा बिनतोड तर्क होता. तुम्ही तो एका शब्दात निकालात काढलात: "चूक." गळा दाबून मारलेल्या प्रत्येकाचं ते हाड मोडत नाही, तरुणांचं तर सहसा नाहीच.

इथवर मी खजील होते, पण खूशही होते. हीच तर मदत हवी होती. पान १८७ उलटेपर्यंत.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (शेवट फुटणार आहे, ज्यांना चालणार नाही त्यांनी इथेच थांबावं.) नायिका पोलीस इन्स्पेक्टर आहे. ती नऊ वर्षांची असताना तिच्या वडिलांचा खून झाला. शेजारच्या काकांना मागच्या दाराने जाताना तिने पाहिलं होतं, अंगात निळा शर्ट होता. तिच्या साक्षीवर काकांना जन्मठेप झाली आणि ते तुरुंगातच वारले. २७ वर्षांनी तशाच पद्धतीने दुसरा खून होतो आणि तपास तिच्याकडे येतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात दुसरा खून काकांच्या मुलाने सूडापोटी केलेला होता. ती त्याला पकडते, वडिलांच्या फोटोसमोर उभी राहते, पडदा. पान १८७ वर त्या रात्रीची आठवण होती. चांदणं, दाराची कडी, निळा शर्ट. अख्ख्या पुस्तकातलं ते माझं सगळ्यात लाडकं पान.

त्याच्या समासात तुम्ही लिहिलं होतंत: "हे तिला आठवतंय, की तिला विचारलं गेलंय? पान ४३ पाहा."

मी पान ४३ काढलं. तिथे म्हातारे फौजदार घाबरलेल्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत विचारतात, "निळा शर्ट होता ना गं, बाळा?" आणि ती मान हलवते. हे मीच लिहिलं होतं. फौजदार किती मायाळू आहेत हे दाखवायला, सहज, एका बैठकीत. शर्टाचा रंग त्याआधी कुणीच, कुठेच उच्चारलेला नव्हता. रंग तिने पाहिलाच नव्हता, तो तिला देण्यात आला होता, आणि देणारी मी होते. दीड वर्ष त्या हस्तलिखितात मुक्काम ठोकूनही पुरावा मला दिसला नाही. तुम्ही तो पेन्सिलीने दाखवून दिलात.

त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला तो भांडायलाच. मी नियमांवर बोट ठेवलं. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांतला एक असा की तपास करणाऱ्यानेच गुन्हा केलेला असता कामा नये. वाचकाशी ती दगाबाजी ठरते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिने कुठे गुन्हा केलाय? नऊ वर्षांच्या मुलीने मोठ्यांना हवं ते उत्तर दिलं, इतकंच." यावर मला बोलता आलं नाही.

मग तुम्ही एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा प्रयोग सांगितलात. मोटारींच्या अपघाताची तीच फिल्म सगळ्यांना दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, जोरात आदळल्या तेव्हा किती होता. आठवड्याने पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, 'जोरात आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६. एका क्रियापदाने काच फुटली. मी आयुष्यभर क्रियापदांवरच पोट भरत आलेय. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

आणि तुम्ही ज्याने फोन संपवलात ती गोष्ट. अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली इंग्लंडमध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. दोन मुलींच्या खुनांच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली, तेव्हा त्या चाचणीने आधी काय केलं, तर एका १७ वर्षांच्या मुलाला सोडवलं. त्यातल्या एका खुनाची त्याने कबुली दिलेली होती. न केलेल्या खुनाची. खरा गुन्हेगार नंतर सापडला, १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. "कबुली देणारासुद्धा चुकीचा असू शकतो," तुम्ही म्हणालात, "मग तुमची नऊ वर्षांची साक्षीदार कोण लागून गेली?"

दीडशे पानं फेकली. पुढचे आठ महिने मी नव्याने लिहीत होते. आता इन्स्पेक्टर जुनी फाइल उघडते आणि स्वतःचाच जबाब वाचते. उत्तरांच्या आधी प्रश्न वाचते. खुनी शोधायला निघालेल्या बाईला पानापानावर ती स्वतःच सापडत जाते. ज्या आठवणीच्या जोरावर ती पोलिसात आली, ती आठवण तिची नाही. मग ती कोण, हा प्रश्न खुनी कोण यापेक्षा मोठा होऊन बसला आणि मला तो आवरेना. काकांच्या मुलाला मी खुनी म्हणून ठेवलंच नाही. तो फक्त एकदा तिच्यासमोर येऊन बसतो, काही मागत नाही. ते प्रकरण लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

एक गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. लिहिताना मी उगाचच माझ्या आठवणी तपासायला लागले. माझी सगळ्यात जुनी आठवण अशी: आजोबांनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर उंच उचललंय, खाली त्यांचा चष्मा चमकतोय. मी थोरल्या भावाला फोन करून विचारलं, आठवतं का रे? तो हसायलाच लागला. "अगं, तो मी. फोटो आहे त्याचा. तू तेव्हा झालीही नव्हतीस." मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. चष्मा अजून दिसतो, डॉक्टर. आता तो काढून टाकायचा कुठून?

ती संध्याकाळ जशीच्या तशी इन्स्पेक्टरला देऊन टाकली, पान २९४ वर. नवं हस्तलिखित वाचताना तिथे तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, फक्त उभी रेघ ओढलीत. तिचा अर्थ विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

सगळंच तुमचं ऐकलं असंही नाही. शवागारातल्या वासाचं वर्णन तुम्ही काढायला सांगितलं होतंत, 'आम्हाला तो येत नाही' म्हणून. मी ठेवलंय. तुम्हाला येत नसेल. ती तिथे पहिल्यांदाच गेली होती.

पुस्तकाची प्रत वेगळी पाठवतेय. सोबत तुमच्या पेन्सिलीचं जुनं हस्तलिखितही परत करणार होते, पण ते आता माझ्याकडेच राहू दे. पुढच्या गोष्टीत एक बुडालेला माणूस आहे, आणि फुप्फुसात पाणी आहे म्हणजे तो बुडूनच मेला, असं मी पहिल्याच पानावर ठोकून दिलंय. तुम्ही आता नक्की मान हलवली असेल. पंधरा दिवसांत गठ्ठा पाठवते.

तुमची ऋणी,
पान ४३ ची लेखिका